राग्नफ्रीदचे डोळे मिटणारी

गोठ्याच्या दारात कुणीतरी येऊन उभे राहिले आणि आतला उजेड कमी झाला. ओद्दनी सकाळची धार काढत होती. तिने मान वर न करताच म्हटले, "आज लवकर आलीस गं. बाहेर अजून दिवस आहे."

"लवकर कसली? मी तर पहिल्यांदाच येतेय तुझ्याकडे."

ओद्दनीचा हात जागच्या जागी थांबला. रोज जी यायची तिला आवाज नव्हता.

तिने वळून पाहिले. खाडीपलीकडच्या मोठ्या घराची सून फिन्ना दारात उभी होती. शालीवर समुद्राच्या पाण्याचे पांढरे डाग, हात लालभडक. स्वतः होडी वल्हवत आली होती.

"तू कुणाशी बोलत होतीस, म्हातारे?"

"गायीशी. ये आत, पण तिच्या मागून येऊ नकोस. लाथाळ आहे. मोठ्या घरची माणसं बरोबर ओळखते मेली."

फिन्ना हसली नाही. "सासूबाईंचं काही खरं नाही आता. तुला बोलावलंय."

"कुणी बोलावलंय?"

"त्यांनीच. कालपासून तुझंच नाव चाललंय. पाणी नको म्हणतात, दही नको म्हणतात, ओद्दनीला आणा म्हणतात."

ओद्दनीने दुधाची बादली बाजूला ठेवली, तिच्यावर फळी ठेवली, फळीवर दगड ठेवला. मग पदराला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मी पोहोचेपर्यंत बोलती राहील ना ती?"

"डोळे मिटायला बोलणं कशाला लागतंय?" फिन्ना म्हणाली.

"मला लागतंय," ओद्दनी म्हणाली.

*

डोळे मिटायला ओद्दनीला सगळी खाडी बोलवायची. ग्रीनलंडच्या त्या किनाऱ्यावर वर्षात एखाददुसरे जहाज यायचे, धर्मगुरू तर त्याहून क्वचित. पण माणसे काही कुणाची वाट बघून मरत नाहीत. माणूस गेले की घरातले सगळे त्याच्या उशाकडे सरकत. मेलेल्याच्या उघड्या डोळ्यांसमोरून कुणी जायचे नाही. त्याची नजर ज्याच्यावर पडेल त्याच्या मागे तो लागतो. मग कुणीतरी होडी काढून ओद्दनीकडे यायचे.

ती मागून यायची, भिंतीला धरून, खेकड्यासारखी. उशाशी बसायची. अंगठ्याने पापण्या खाली ओढायची, नाकपुड्या दाबायची, जबडा वर करून बांधायची. हे कुणालाही जमेल. खरे काम त्यानंतरचे. मेलेल्याचे नाव साऱ्या घराला ऐकू जाईल असे मोठ्याने घ्यायचे, आणि त्याच्या नात्यातल्या कुणीतरी म्हणायचे, "ऐकलं." एवढेच. हाक आणि हुंकार. नाव कानावर पडले की मेलेले माणूस वळून बघते, आणि उत्तर ऐकले की त्याला कळते, मागे कुणीतरी आहे, आता आपण निघायला हरकत नाही. उत्तर आले नाही तर ते थांबून राहते. किती, ते त्याचे त्याला ठाऊक.

ओद्दनीने पोरे मिटली होती, बाळंतिणी मिटल्या होत्या, सीलच्या शिकारीत बर्फाखाली गेलेले जवान वसंतात सापडले तेव्हा त्यांना मिटले होते. एकदा एका म्हाताऱ्याचा डावा डोळा मिटेचना. मिटला की हळूच उघडायचा. सगळे घर भिंतीला चिकटले. त्याची बायको मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राहू दे गं. जन्मभर असाच निजला. एक डोळा लोण्याच्या मडक्यावर." आणि मडके उचलून तिने दुसऱ्या खोलीत नेले, तेव्हा कुठे तो डोळा मिटला. ही गोष्ट ओद्दनी रंगवून सांगायची. लोक पोट धरून हसायचे.

एक गोष्ट ती सांगत नसे. रोज संध्याकाळी धारेच्या वेळी तिच्या गोठ्याच्या दारात एक मुलगी येऊन बसायची. भिजलेली. केसांतून पाणी गळायचे आणि खालची माती मात्र कोरडीच राहायची. ती काही मागायची नाही, काही करायची नाही. फक्त तोंड किंचित उघडे ठेवून बघत राहायची, हाक मारल्यासारखे वाटले की माणूस थांबून बघते ना, तशी. आणि ओद्दनीला तिचे नाव ठाऊक नव्हते.

*

होडीत फिन्ना वल्ही मारत होती आणि बोलतही होती. मोठ्या घरात बोलायला कुणी मिळत नसावे.

"नवऱ्याला तू नको होतीस, म्हणून आधी सगळीकडे विचारून आले. धबधब्याजवळची म्हणाली, माझी पाठ धरलीय. तिची सून म्हणाली, माझीही धरलीय. दोघींची एकदम! त्या तांबड्या टेकडीवरच्या बाईनं तर दारच उघडलं नाही. आतून ओरडली, राग्नफ्रीदचे डोळे मिटायला मी काय कुणाचं घोडं मारलंय?"

"मग मी कुणाचं मारलंय?"

"तू येतेयस ना पण."

ओद्दनी पाण्याकडे बघत होती. ओहोटी लागली होती. ओहोटीच्या पाण्यात तिला कधीच बसवत नसे.

"लोक बोलतात ते खरं आहे का गं?" फिन्नाने वल्ही वर धरली. पाणी टपटपत राहिले. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पोरं रडली की आया सांगतात, गप बस, राग्नफ्रीद बिनवल्ह्याच्या होडीत घालील. तू तर होतीस तिथं, पश्चिमेला."

"तुझ्या नवऱ्यानं काय सांगितलंय?"

"तो म्हणतो, आईनं चाळीस पुरुषांवर हुकूम चालवला म्हणून लोकांच्या पोटात दुखतंय. बायका मासे धरायला गेल्या आणि वाहून गेल्या, एवढंच."

"मग एवढंच."

"म्हातारे."

"वल्हव. ती मरेल तोवर."

फिन्नाने वल्ही पाण्यात घातली. ओद्दनीने डोळे मिटले आणि जे तिला बघायचे नव्हते तेच नेहमीसारखे दिसू लागले.

लाकडासाठी गेले होते सगळे. ग्रीनलंडमध्ये झाड म्हणजे कमरेइतके झुडूप. पश्चिमेच्या त्या देशात खोड दोघांच्या कवेत मावत नव्हते. दोन जहाजे होती, दोन घरे बांधली. एक राग्नफ्रीदचे, एक आइसलंडहून आलेल्या माणसांचे. हिवाळ्यात त्यांचा मालक तापाने गेला. वसंतात राग्नफ्रीद म्हणाली, त्यांचे जहाज मोठे आहे, लाकूड त्यातून जाईल. त्यांचे पुरुष मुकाट्याने तिच्याकडे आले. ज्याच्याकडे पीठ त्याच्याकडे माणसे. पण मालकाची बायको हेर्दिस जहाजात जाऊन बसली. तिची बहीण यॉरुन तिच्याशेजारी बसली. आणि त्यांची आयरिश दासी. जहाज माझ्या नवऱ्याचे आहे, उठणार नाही, हेर्दिस म्हणाली. राग्नफ्रीदने आपल्या पुरुषांना सांगितले, उतरवा त्यांना. पुरुष पायांकडे बघायला लागले. बायकांवर हात टाकायचा नाही, एवढी लाज शिल्लक होती त्यांना. पुढे होऊन अडवण्याएवढी नव्हती. तेव्हा राग्नफ्रीद स्वतः पाण्यात उतरली. एकेकीला दंडाला धरून तिने लहान होडीत टाकले. वल्ही काढून वाळूवर फेकली. ओहोटी लागली होती. तिने पायाने होडी ढकलली.

"रक्ताचा एक थेंब सांडला नाही," असे ती म्हणाली होती आणि परकर पिळला होता.

हेर्दिसचा भाऊ पुढे एका जहाजातून ग्रीनलंडला आला, तेव्हा ओद्दनीने त्याला किनाऱ्यावर गाठले. समुद्राकडे तोंड करून हेर्दिसचे नाव घेतले, यॉरुनचे घेतले. भावाने दोन्ही वेळा म्हटले, "ऐकलं." त्या दोघी पुन्हा कधी दिसल्या नाहीत. राहिली तिसरी. अख्खा हिवाळा ओद्दनीने आणि तिने एकाच कातड्याची दोन टोके धरून ते मळले होते. सगळे तिला "आयरिशीण" म्हणायचे. ओद्दनी "ए" म्हणायची.

*

मोठ्या घरात धूर होता आणि माणसे कुजबुजत होती. कोल्बेन, राग्नफ्रीदचा मुलगा, चुलीपाशी उभा होता. उंच माणूस, छताच्या तुळईला डोके लागू नये म्हणून कायम मान किंचित तिरकी. त्यामुळे तो नेहमी काहीतरी ऐकत असल्यासारखा वाटायचा.

"आलीस," तो म्हणाला. "काय लागेल ते फिन्नाकडे माग. आणि एक सांगून ठेवतो. माझ्या घरात ती पश्चिमेची बडबड नको. तू ज्या गोठ्यात धार काढतेस तो माझ्या जमिनीवर आहे, आठवतंय ना?"

"गाय आठवण करून देते रोज," ओद्दनी म्हणाली आणि पडदा सारून आत गेली.

राग्नफ्रीद उशांना टेकून बसली होती. तिने निजायला नकार दिला होता. तोंड बर्फावरच्या वाऱ्याने खाल्लेल्या लाकडासारखे झाले होते, पण डोळे तसेच. एकेकाळी या डोळ्यांसमोर चाळीस पुरुष पायांकडे बघत.

"समोरून ये," ती म्हणाली. "अजून मेले नाही मी. खेकड्यासारखी कशाला चालतेस?"

"सवय, बाई."

"बैस. मला मिटणार ना?"

"मिटायला ना नाही. पण मला एक हवंय."

"जमीन? लिहून... छे, कोल्बेनला सांगते. गोठा तुझा."

"गोठा नको."

"मग काय, गाय?"

"तिचं नाव."

राग्नफ्रीदने कुणाचे, असे विचारले नाही. इतक्या वर्षांत दोघींपैकी एकीनेही तो विषय काढला नव्हता, तरी तो दोघींच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखा कायम बसलेला असायचा.

"तुझ्याकडे येते ती?" राग्नफ्रीदने विचारले.

"रोज."

"माझ्याकडे एकदाही आली नाही." हे ती जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाली. "बघ म्हणजे. ढकललं मी, आणि येते तुझ्याकडे."

"तुम्हाला तिचं नाव ठाऊक आहे. तिला माझ्याकडूनच ते हवं आहे. म्हणून येते."

"मला ठाऊक आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"कोल्बेनचा जन्म झाला ती रात्र आठवा. तुम्हाला दूध उतरलं नव्हतं. तिचं मूल नुकतंच गेलं होतं, तिची छाती दुधानं भरलेली होती. तुम्ही मला त्यांच्या घरी पाठवलंत, मी तिला हाताला धरून आणलं. मग मला बाहेर काढलंत." ओद्दनीने आवाज आणखी खाली आणला. "परक्या बाईचं दूध पाजायचं तर तिचं नाव आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं. नाहीतर दूध अंगी लागत नाही. तुम्ही ते सोडलं नसणार."

राग्नफ्रीद पडद्याकडे बघत होती. पलीकडे कोल्बेनची सावली चुलीच्या उजेडात हलत होती.

"चांगलं दूध होतं," ती म्हणाली. "बघ कसा वाढलाय."

"तिला का घातलंत होडीत? हेर्दिसचं समजू शकते मी. जहाज हवं होतं. पण ती? ती तुमच्याच पोराला पाजत होती."

"म्हणूनच." राग्नफ्रीदने ओठ ओले केले. "घरी आल्यावर काय झालं असतं? पोरगा तिच्यामागं फिरला असता. दूधआई म्हणाला असता. हिनं त्याला सांगितलं असतं, तुझ्या आईनं माझ्या मालकिणीचं काय केलं ते. कुणाचं ऐकलं असतं त्यानं? मला एकच मूल झालं, ओद्दनी."

"तो भुकेनं मरता मरता वाचला परतीच्या वाटेवर."

"वाचला ना?"

पडद्यापलीकडे कुणीतरी चुलीत वाळले शेण टाकले. राग्नफ्रीदचा श्वास आता आत जाताना अडखळत होता, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा.

"सांगते," ती म्हणाली. "पण तू शब्द दे. एक, माझे डोळे तू मिटायचेस, नीट, नाव घेऊन. मी भटकणार नाही. मला भटकायचं नाही. दुसरं, कोल्बेनला दुधाचं सांगायचं नाही. कधीच नाही."

ओद्दनीने उत्तर द्यायला जो वेळ घेतला तेवढ्यात राग्नफ्रीदचा श्वास एकदा सुटला आणि पुन्हा सापडला. नाव असेच निसटून जाईल, कायमचे.

"दिला शब्द."

"दोन्हीचा?"

"दोन्हीचा. सांगा."

राग्नफ्रीदने तिला जवळ ओढले. तिच्या तोंडाला ओल्या राखेचा वास येत होता. तिने नाव सांगितले, आणि मग तशीच कानाशी राहून हसली. हसू छातीतच घरघरले.

"घे नाव. जोरात घे. उत्तर कोण देणार? आयर्लंडहून धरून आणलेली पोर, आई नाही, बाप नाही, मूल मेलेलं. जगात तिचं एकच माणूस उरलंय, आणि त्याला तू सांगणार नाहीस." तिने ओद्दनीचा दंड दाबला. "तू नेहमीच घाईची. कातडं मळतानाही धीर नसायचा."

*

ती दुपार कलल्यावर गेली. बसल्या बसल्याच गेली, डोळे सताड उघडे, पडद्यावर लागलेले. त्यामुळे पडद्यापलीकडून कुणाला आत येता येईना. सगळे भिंतीच्या कडेने उशाकडे आले. फिन्नाने शालीचे टोक तोंडात धरले होते.

ओद्दनीने शब्द पाळला. मागून हात घालून तिने पापण्या ओढल्या. लगेच मिटल्या, मेणासारख्या. नाकपुड्या दाबल्या, जबडा बांधला. उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "राग्नफ्रीद!"

"ऐकलं," कोल्बेन म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

आता सगळे हलले असते. पाणी तापले असते, कपडे निघाले असते. पण ओद्दनी जागची हलली नाही. तिने दाराकडे तोंड केले. दार उघडे होते, बाहेर खाडी होती, आणि ओहोटी सरत आली होती.

"लासार!" ती ओरडली.

फिन्नाने शाल तोंडातून काढली.

"लासार!"

"कोण लासार?" कोल्बेन म्हणाला. "म्हातारे, आई अजून गार नाही झाली. कुणाला हाका मारतेस माझ्या घरात?"

ओद्दनीने अंथरुणाकडे पाहिले. मिटलेल्या पापण्या, बांधलेला जबडा. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणारी बाई तिने आजवर पाहिली नव्हती. तशी बाई कशी दिसत असेल, असे तिच्या मनात येऊन गेले.

"तुझी दूधआई," ती म्हणाली. "पश्चिमेला तुझ्या आईला दूध उतरलं नाही. लासारनं पाजलं. तिला तुझ्या आईनं हेर्दिसबरोबर होडीत घातलं. वल्ही काढून. मी किनाऱ्यावर होते. तिचे डोळे कुणी मिटले नाहीत, आणि तिला उत्तर द्यायला तुझ्याखेरीज कुणी नाही."

"खोटं आहे."

"असू दे खोटं. मग म्हण की ऐकलं. खोट्या बाईला उत्तर दिलं तर तुझं काय जातंय?"

तो तिच्या अंगावर धावून आला. फिन्ना मध्ये पडली नसती तर त्याने तिला भिंतीवर आपटले असते. तुळई त्याच्या डोक्याला लागली, आणि त्याच्या लक्षातही आले नाही.

"तिनं तुला बोलावलं! मरताना तुझ्यावर विश्वास टाकला!"

"टाकला. मी शब्दही दिला होता, तुला सांगणार नाही म्हणून."

"आणि?"

"आणि मोडला. आत्ता, तुझ्यासमोर."

घरातली माणसे आपोआप तिच्यापासून दोन पावले दूर झाली. कोल्बेनचे हात खाली आले. मग त्याने असे काही विचारले की फिन्नाला ते नंतर कितीतरी दिवस कळले नाही.

"ती... होडीत काय करत होती?"

"कोण?"

"तीच. तू म्हणतेस ती. ओरडत होती?"

"नाही," ओद्दनी म्हणाली. "हेर्दिस शिव्या देत होती. यॉरुन तोंड झाकून बसली होती. ही उभी होती. होडी हेलकावत होती, तरी उभी. आम्हाला कळेना, बसत का नाही. तू किनाऱ्यावर रडत होतास, माझ्या हातात. दुधाची वेळ झाली होती. ते तिला ऐकू येत होतं. ऐकू येईनासं होईपर्यंत ती उभी होती."

कोल्बेनची मान तशीच तिरकी होती. चुलीवरच्या भांड्यातले पाणी उकळून सांडू लागले आणि कुणी ते उतरवले नाही.

"पुन्हा घे," तो म्हणाला.

"लासार."

"ऐकलं."

हळू म्हणाला, पण म्हणाला. मग पाठ फिरवली आणि त्याच आवाजात पुढे बोलला. "हिवाळाभर राहा. बर्फ सुटलं की माझ्या जमिनीवरून निघायचं. आईच्या अंगाला तू पुन्हा हात लावायचा नाहीस. फिन्ना धुईल."

*

त्या संध्याकाळी ओद्दनी धारेला बसली आणि दाराकडे बघत राहिली. दारात फक्त दार होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती उगाचच मोठ्याने म्हणाली, "लासार, आज गायीनं दूध कमी दिलं." कुणी नव्हते. इतकी वर्षे जे मागितले ते मिळाले होते, आणि गोठा एवढा मोठा आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होते.

हिवाळ्यात खाडीत माणसे मेली. तिला कुणी बोलावले नाही. धबधब्याजवळच्या बाईची पाठ एकाएकी बरी झाली आणि ती डोळे मिटायला जाऊ लागली; नीट मिटत नाही, जबडा वाकडा बांधते, असे लोक म्हणायचे, पण तिलाच नेत. ओद्दनीशी वाईट वागले नाही कुणी. फक्त आजारी माणूस घरात असले की तिला दारातूनच वाटेला लावत. मेलेल्याला दिलेला शब्द जिने मोडला तिच्या हाताखाली कुणाला मरायचे नव्हते. ओद्दनीला त्यात काही चूक वाटत नव्हते. तीही मेली नसती.

दूध काढताना आता तिला पाठीमागे गार वाटायचे. दारातून नव्हे, आतून, गायीच्या पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून. तिथे परकर पिळल्यासारखा आवाज यायचा. लाथाळ गाय त्या बाजूला बघून शांत उभी राहायची. तिने आयुष्यात एवढी नम्रता कुणापुढे दाखवली नव्हती. ओद्दनी त्या कोपऱ्याकडे वळून बघत नसे. डोळे तिने स्वतः मिटले होते, नीट मिटले होते. ते उघडे आहेत की मिटलेले, हे तिला बघायचे नव्हते.

बर्फ सुटल्यावर खाडीच्या वरच्या अंगाचा एक कोळी तिला न्यायला आला. दूरच्या भाचीने तिला ठेवून घ्यायचे कबूल केले होते. सामान म्हणजे एक घोंगडी, मऊ दगडाचे एक भांडे आणि लोकर कातायची चाती. गाय जमिनीबरोबर गेली.

कोळ्याने होडी ढकलली, आत उडी मारली आणि दोन वल्ही मारून थांबला. कडेवरून वाकून पाण्याकडे पाहिले.

"म्हातारे, सामान तर काहीच नाही तुझं. होडी एवढी खोल कशी बसतेय?"

ओद्दनी फळीवर थोडी सरकून बसली.

"वल्हव तू," ती म्हणाली. "वल्ही आहेत ना?"